मुंबईचा मतदार: कोण आला, कोण गेला

लालबाग-परळच्या या रस्त्यांवर एकेकाळी निवडणुकीच्या सभा चाळींच्या पटांगणात रंगत असत. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरहून आलेला गिरणी कामगार दहा बाय दहाच्या खोलीत राहत असे, खानावळीत जेवत असे आणि काही वर्षांनी येथील मतदार होत असे. हा मराठी मतदारही बाहेरून पोट भरण्यासाठीच मुंबईत आला होता. पुढे झालेल्या वादांत ही गोष्ट फारशी आठवली गेली नाही, म्हणून ती सुरुवातीलाच सांगायला हवी.

1 मे 1960 रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. परंतु 1961 च्या जनगणनेत बृहन्मुंबईत मराठी मातृभाषा असलेल्यांचे प्रमाण साधारण 43 टक्के होते. कंपन्यांच्या कचेऱ्यांत लघुलेखक, टंकलेखक आणि कारकून म्हणून दक्षिणेकडून आलेले सुशिक्षित तरुण काम करत होते आणि नुकत्याच मॅट्रिक झालेल्या मराठी मुलालाही नेमक्या याच नोकऱ्या हव्या होत्या. ‘मार्मिक’ साप्ताहिकाने अमराठी अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापल्या, त्यातून संताप संघटित झाला आणि 19 जून 1966 रोजी बाळासाहेब ठाकरे यांनी शिवसेनेची स्थापना केली. दोनच वर्षांत, 1968 च्या महापालिका निवडणुकीत, या पक्षाचे 42 नगरसेवक निवडून आले.

मराठी माणसाच्या हक्काचा हा प्रश्न खरा होता, पण त्यावर उभ्या राहिलेल्या राजकारणाला मर्यादाही होती. मुंबई-ठाण्याबाहेरच्या महाराष्ट्रात नोकरी हिरावणारा परप्रांतीय कोणाला रोज दिसत नव्हता. खुद्द मुंबईत 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकामागून एक थंडावत गेल्या, तर बांधकाम, टॅक्सी, भाजी-दुधाचा धंदा यांसाठी उत्तर प्रदेश आणि बिहारमधून माणसे येतच राहिली. 1987 च्या विलेपार्ले पोटनिवडणुकीत शिवसेनेने हिंदुत्वाचा उघड प्रचार केला आणि 1989 मध्ये भाजपशी युती केली. या वळणामागे इतरही कारणे होती. परंतु भाषेच्या रेषेपलीकडच्या मतदाराला हाक मारण्याची सोय त्यात होती, हे माझ्या मते नाकारता येणार नाही. 1993 मध्ये पक्षाचे हिंदी दैनिक निघाले आणि त्याचे संपादक संजय निरुपम 1996 मध्ये राज्यसभेवर गेले.

दोन हाका एकाच वेळी मारणे मात्र कठीण ठरले. 2003 मध्ये ‘मी मुंबईकर’ ही सर्वांना सामावून घेणारी शिवसेनेची मोहीम निघाली आणि त्याच वर्षी कल्याणला रेल्वे भरतीच्या परीक्षेसाठी आलेल्या बिहारी उमेदवारांना मारहाण झाली. परीक्षेला आलेल्या मुलांवर हात उचलणे हे कोणत्याही हक्काच्या लढ्यात बसणारे नव्हते. 2004 मध्ये मुंबईतील सहापैकी पाच लोकसभा जागा काँग्रेसकडे गेल्या. 2005 मध्ये निरुपमही काँग्रेसमध्ये गेले. 2006 मध्ये राज ठाकरे यांनी महाराष्ट्र नवनिर्माण सेना काढली, मराठीचा मुद्दा पुन्हा धारदार केला आणि 2009 च्या विधानसभेत 13 आमदार निवडून आणले.

आंदोलने आलेल्यांविरुद्ध होत राहिली, परंतु नकाशा बदलला तो गेलेल्यांमुळेही. गिरण्यांच्या जमिनींवर टोलेजंग इमारती उभ्या राहिल्या आणि चाळीतली कुटुंबे, मुले मोठी झाली तशी, डोंबिवली, बदलापूर, विरारकडे सरकली. 2001 ते 2011 या दहा वर्षांत मुंबई शहर जिल्ह्याची, म्हणजे उपनगरे वगळून उरलेल्या मुंबईची, लोकसंख्या 33.38 लाखांवरून 30.85 लाखांवर आली. मतदारसंघांची पुनर्रचना जनगणनेतील डोकी मोजून होते. मतदार यादीत ज्याचे नाव अजून चढलेले नाही तोही त्यात धरला जातो. म्हणूनच 2001 च्या जनगणनेवर आधारलेल्या पुनर्रचनेत शहराचे विधानसभा मतदारसंघ 17 वरून 10 झाले आणि उपनगरांचे 17 वरून 26 झाले. 2001 ते 2011 याच काळात मुंबईत हिंदी मातृभाषा सांगणारे सुमारे 26 लाखांवरून 36 लाखांवर गेले. मराठी सांगणारे 45 लाखांवरून 44 लाखांवर उतरले.

हा बदल भाजपने नेमका हेरला. 2014 मध्ये युती तुटली, तेव्हा गुजराती आणि हिंदी भाषक मतदारांच्या भक्कम आधारावर भाजपने मुंबईत विधानसभेच्या 15 जागा जिंकल्या, शिवसेनेने 14. 2017 च्या महापालिकेत शिवसेना 84 आणि भाजप 82 इतके हे अंतर चिंचोळे झाले होते.

आता वरळीकडे पाहू. 2019 मध्ये आदित्य ठाकरे येथून उभे राहिले, तेव्हा रस्त्यावर ‘केम छो वरळी’ अशी गुजराती फलके लागली होती. जिंकायचे तर या वस्तीतल्या प्रत्येक भाषेत बोलावे लागेल, हा हिशेब त्यामागे होता. त्याच वरळीत 5 जुलै 2025 रोजी, शाळेत पहिलीपासून हिंदी शिकवण्याचे शासन निर्णय मागे घेतले गेल्यावर, उद्धव आणि राज हे चुलत भाऊ सुमारे वीस वर्षांनी राजकीय सभेसाठी एका मंचावर आले आणि त्यांनी एकत्र येण्याचे कारण सांगितले ते मराठी.