पंख्याची पाती कोण धरतं?

(दृश्य: रत्नागिरी, शोभिवंत माशांचं दुकान. काउंटरवर छोटी बाटली.)

फिशटँकमधल्या माशाच्या परावर कापसासारखी बुरशी धरली, की दुकानदार ही बाटली पुढे करतो. मॅलाकाइट ग्रीन नावाचा रंग. बोटाला लागला तर साबणालाही दाद देत नाही. खायच्या माशांसाठी मात्र युरोप-अमेरिकेत त्यावर बंदी आहे. कोळंबीवाल्यांसमोर नाव काढलंत तर आधी चेहरे बदलतील.

एवढा गडद रंग, पण चमक शून्य. तांबडा प्रकाश शोषतो आणि गिळून टाकतो.

(दृश्य: रेणूचं ॲनिमेशन.)

दोष घडणीचा. मधोमध एक कार्बन आणि त्याला जोडलेली तीन कडी, थेट छताच्या पंख्याची पाती. प्रकाशाची ऊर्जा मिळाली की पाती पिळवटतात आणि ती ऊर्जा उष्णता होऊन पाण्यात जाते.

1999 मध्ये दिलारा ग्रेट आणि चार्ल्स विल्सन या संशोधकांनी या रंगाला पकडणारा आरएनएचा (डीएनएच्या भावंडासारख्या रेणूचा) तुकडा शोधला. गंमत म्हणजे त्यांना चमक नकोच होती. लेसर मारून आरएनए तोडायचा होता! आरएनएनं पकडलेल्या रंगाची चमक मोजली 2003 मध्ये रसायनशास्त्रज्ञ रॉजर त्सिएन यांच्या प्रयोगशाळेनं: मोकळ्या रंगाच्या दोन हजार पटींहून जास्त.

(दृश्य: आरएनएची घडी, अगदी जवळून.)

आता नीट बघा. जेमतेम 38 न्यूक्लिओटाइडचा, म्हणजे 38 दुव्यांचा, धागा स्वतःवरच दुमडलाय. दोन्हीकडे पिळाची शिडी, मध्ये एक वेडावाकडा फुगवटा. रंग नसतो तेव्हा तो फुगवटा सैलच असतो. रंग आत शिरला की मग तो आवळतो. एका बाजूला चार बेस (दुव्यांमधले चपटे भाग) एका पातळीत येतात: दोन ग्वानिन, एक सायटोसिन, एक ॲडेनिन. दुसऱ्या बाजूला ग्वानिन-सायटोसिनची नेहमीची जोडी. मध्ये रंग चेपलेला. खोबण रंगासाठी आधीपासून तयार नव्हती, त्याच्या येण्यानंच ती घडली. मला तरी यातली सगळ्यात देखणी गोष्ट हीच वाटते. पात्यांना पिळायला जागा उरत नाही, आणि ऊर्जा गडद तांबडा प्रकाश होऊन बाहेर पडते.

जिवंत पेशीत हा रंग विषारी ठरतो. म्हणून 2011 मध्ये संशोधक सॅमी जॅफ्री यांच्या गटानं ‘स्पिनच’ आणला: आरएनएचाच तुकडा, पण दुसऱ्या रंगाला पकडून हिरवा चमकणारा आणि पेशीला सोसणारा. 2014 मध्ये त्याची रचना उलगडली: चार-चार ग्वानिनचे दोन थर, त्यांना सांधणारं पोटॅशियम, आणि वरच्या थरावर टेकलेला रंग. पोटॅशियमच्या जागी लिथियम घातलं, की चमक पार उतरते.