मुलीचं वय आणि मुलीची जमीन

मंडळी, १५ जानेवारी १४७८ या दिवशी लंडनला, वेस्टमिन्स्टरच्या राजवाड्यातल्या सेंट स्टीफन चॅपेलमध्ये एक लग्न लागलं. नवरदेव म्हणजे राजा चौथा एडवर्ड याचा धाकटा मुलगा रिचर्ड, वय वर्षं चार. नवरी ॲन मोब्रे, वय पाच. मुलगी आठ महिन्यांनी थोरली. आपल्याकडे तेवढ्यावरून स्थळ परत गेलं असतं. तिकडे कुणाला त्याचं काही वाटलं नाही, कारण तिथे पत्रिका नव्हे, दस्तऐवज जुळवले जात होते.

ॲनचे वडील नॉरफोकचे ड्यूक. दोन वर्षांपूर्वी ते अचानक वारले. पोटी मुलगा नाही, ही एकच मुलगी. म्हणजे इंग्लंडमधल्या मोठ्यांत मोठ्या जहागिरींपैकी एक जहागीर एका लहान पोरीच्या नावावर झाली. राजाला धाकट्या मुलाची सोय लावायचीच होती. दोघं नात्यातली, तर पोपची परवानगी आणली आणि लग्न उरकलं. पुढे १४८१ च्या नोव्हेंबरात ॲन वारली. तिला नऊ वर्षंही पूर्ण झाली नव्हती.

आता खरं तर मालमत्ता तिच्या रक्ताच्या नातलगांकडे, जॉन हॉवर्ड आणि विल्यम बर्कली यांच्याकडे जायला हवी होती. बायको गेली, मूलबाळ नाही, विषय संपला. पण राजाने १४८३ साली पार्लमेंटकडून कायदाच करून घेतला की जहागीर या नऊ वर्षांच्या विधुराकडेच राहील. हॉवर्डच्या मनात हे सलत राहिलं असणार. त्याच वर्षी राजा वारला, त्याच्या भावाने गादी बळकावली, आणि हॉवर्ड त्या भावाच्या बाजूने उभा राहिला. जूनअखेर तो नॉरफोकचा ड्यूक झाला. आपला छोटा नवरदेव तेव्हा थोरल्या भावासोबत लंडनच्या टॉवरमध्ये अटकेत होता. दोघं भाऊ तिथून पुन्हा बाहेर आले नाहीत. टॉवरमधले राजपुत्र म्हणून जी गोष्ट सांगतात, त्यातला धाकटा तो हाच.

ॲनची शवपेटी १९६४ साली पूर्व लंडनमध्ये खोदकाम करताना मजुरांना सापडली. शिशाची, लहान मापाची. आत तिचे तांबूस केस अजून शाबूत होते. पुढच्या वर्षी वेस्टमिन्स्टर ॲबीत तिचं पुन्हा दफन केलं.

बरं, कायदा काय म्हणत होता? लग्नाचा कायदा त्या काळी चर्चच्या हातात. चर्चचं म्हणणं असं की सात वर्षांनंतर वाङ्निश्चय होऊ शकतो, पण खरं लग्न व्हायला मुलीला बारा आणि मुलाला चौदा पूर्ण हवीत. त्याआधी लागलेलं लग्न वयात आल्यावर दोघांपैकी कुणालाही नाकारता येतं. कागदावर ही चांगली तरतूद आहे. पण ॲनचंच पाहा. ती बारापर्यंत पोहोचलीच नाही, म्हणजे चर्चच्या लेखी तिचं लग्न कधी पक्कं झालंच नाही. जमीन मात्र पक्की झाली.

हे बारा आणि चौदाचे आकडे इंग्लंडच्या कायद्यात किती काळ टिकले असतील? १९२९ पर्यंत. त्या वर्षी तिथे दोघांसाठी सोळा ही मर्यादा आली, आणि आपल्याकडचा सारडा कायदाही १९२९ चाच, मुलीला चौदा आणि मुलाला अठरा. सुधारणा कुणी कुणाला शिकवली याचा हिशेब करताना ही तारीख जरा समोर ठेवावी. रखमाबाईंचा मुंबईतला खटला तुम्हाला माहीत आहेच. अकराव्या वर्षी लग्न झालेली बाई नवऱ्याकडे नांदायला जायला नकार देते, आणि नवरा कोर्टात जातो. न्यायमूर्ती पिन्हे यांनी १८८५ साली सांगितलं की बाईला जबरदस्तीने नांदायला पाठवण्याची ही तजवीज हिंदू शास्त्रातली नाही, इंग्लंडहून आलेली आहे. ती तिथल्या चर्च कोर्टांतून आली होती, ज्या कोर्टांनी बारा-चौदाचा नियम चालवला त्यांच्यातूनच. अपिलात निकाल फिरला तो भाग वेगळा.

म्हणून दोन्हीकडचं सारखंच, असं मात्र मी म्हणणार नाही. सवाई माधवरावांचं लग्न १७८३ साली पुण्यात लागलं तेव्हा तेही नऊच्या आतच होते. पण पेशव्यांच्या घरात येणारी सून वतन घेऊन येत नसे. तिकडची एकुलती मुलगी जहागीर घेऊन यायची, आणि सगळं तिथून बिघडायचं.

फ्रान्सच्या राजाची मुलगी इझाबेल, तिचं उदाहरण पटकन सांगतो, कारण तिथे जमीन नव्हे, तह होता. १३९६ साली कॅलेला तिचं लग्न इंग्लंडच्या दुसऱ्या रिचर्डशी झालं. तो एकोणतीस वर्षांचा, ती सातवं पुरं व्हायची होती. हुंडा आठ लाख फ्रँक, आणि सोबत अठ्ठावीस वर्षांचा युद्धविराम. रिचर्ड तिच्याशी मायेने वागला असं दिसतं. तीन वर्षांत त्याची गादी गेली, मग जीवही गेला. अकरा वर्षांची विधवा राणी १४०१ मध्ये माहेरी परतली. पुन्हा लग्न झालं, आणि १४०९ साली, एकोणीसाव्या वर्षी, बाळंतपणात ती गेली.

आता मार्गारेट बोफोर्ट. आज मला मुख्यतः हिच्याबद्दलच बोलायचं आहे. जन्म १४४३. वर्षाची व्हायच्या आत वडील गेले आणि ती मोठी वारसदार झाली. अशा पोरक्या वारसदाराचं पालकत्व राजाकडे जायचं, आणि राजा ते कुणालाही देऊ शकायचा किंवा विकू शकायचा. पालकत्वात दोन गोष्टी येत : मूल सज्ञान होईतो जमिनीचं उत्पन्न, आणि त्याचं लग्न ठरवण्याचा हक्क. दुसरा हक्क जास्त मोलाचा. सफकच्या ड्यूकने हे पालकत्व मिळवलं आणि तिला आपल्याच मुलाशी बांधून टाकलं, ती सहा-सात वर्षांची असताना. पुढे ड्यूकचा खून झाला, हे लग्न रद्द झालं आणि १४५३ मध्ये सहाव्या हेन्रीने तिचं पालकत्व आपल्या सावत्र भावांना दिलं. त्यातल्या एडमंड ट्यूडरशी १४५५ साली तिचं लग्न झालं. ती बारा, तो चोवीसच्या आसपास.

बारा पूर्ण, म्हणजे कायदेशीर. पण अशा वेळी थोडं थांबायची रीत त्या समाजातही होती. मुलीच्या जिवाची काळजी थोडीफार असायची, आणि वारसदाराचं शरीर खराब झालं तर पुढे मुलं कुठून होणार, हाही विचार असायचा. एडमंड थांबला नाही. का? याचं उत्तर बऱ्याच अभ्यासकांना इंग्लंडच्या मालमत्तेच्या कायद्यात सापडतं, आणि मला ते पटतं. बायकोच्या जमिनीवर नवऱ्याला हयातभर हक्क मिळायचा, अगदी ती मेल्यावरसुद्धा, पण एका अटीवर. तिला त्याच्यापासून जिवंत मूल झालेलं असलं पाहिजे. मग ते मूल पुढे जगो वा न जगो. जिवंत होतं याचा पुरावा काय? त्याचं रडणं. चार भिंतींच्या आत रडणं ऐकू आलं, की जमीन नवऱ्याची. तेराव्या वर्षाच्या बाळंतपणामागे हा हिशेब होता.

तो हिशेबही चुकला. नोव्हेंबर १४५६ च्या सुरुवातीला एडमंड प्लेगने मेला. मार्गारेट तेव्हा सहा महिन्यांची गर्भार होती. २८ जानेवारी १४५७ ला वेल्समधल्या पेम्ब्रोक किल्ल्यात तिने मुलाला जन्म दिला. पुढे तिची आणखी दोन लग्नं झाली, पण मूल पुन्हा झालं नाही. अंगाने ती मुळात लहानखुरी. पुढे बिशप जॉन फिशर एका भाषणात म्हणाला की एवढ्याशा देहातून, त्या वयात, कुणी जन्माला आलं हाच चमत्कार.

तो मुलगा १४८५ मध्ये सातवा हेन्री म्हणून गादीवर आला. त्यालाही मुलगी झाली, तिचंही नाव मार्गारेट. स्कॉटलंडचा राजा चौथा जेम्स याच्याशी तिच्या लग्नाची बोलणी सुरू झाली. जेम्स विशीतला, आणि त्याच्या भानगडी जगजाहीर. १४९८ साली स्पेनचा वकील, म्हणजे राजदूत, पेद्रो दे आयाला हा आपल्या राजाराणीला पाठवलेल्या पत्रात हेन्रीचं बोलणं कळवतो. मुलगी अजून नऊची नाही, नाजूक आहे, थांबायला हवं, असं हेन्री म्हणतो. आणि पुढे सांगतो की माझी बायको आणि माझी आई दोघी या लग्नाच्या विरोधात आहेत. आता मुलीला पाठवलं तर स्कॉटलंडचा राजा थांबणार नाही, तिला इजा करेल, तिची तब्येत धोक्यात येईल, अशी त्यांना भीती वाटते.

इतकंच. मार्गारेट बोफोर्टने स्वतःच्या तेराव्या वर्षाबद्दल कुठे तक्रार लिहून ठेवलेली नाही. उलट मुलाला लिहिलेल्या पत्रांत ती त्याच्यावरून जीव ओवाळून टाकते. तिला काय वाटत होतं ते आपल्याला कळतं ते या परक्या वकिलाच्या पत्रातून, आणि तेही नातीच्या निमित्ताने. मी या पत्राला फार किंमत देतो. लहान मुलीचं लग्न लावणाऱ्यांना त्या काळी त्यात काही वावगं वाटतच नसे, असं आपण सहज बोलून जातो. काय होतं ते सासूला आणि सुनेला नेमकं ठाऊक होतं.

मात्र त्यांनी लग्न मोडलं नाही, पुढे ढकललं. मुलगी तेरा वर्षांची असताना, १५०३ च्या उन्हाळ्यात, तिची पाठवणी झाली. तिची आई त्याच वर्षी फेब्रुवारीत वारली होती. बाप तिला उत्तरेला कॉलीवेस्टनपर्यंत सोडायला आला, आणि कॉलीवेस्टनचा वाडा आजीचाच होता. ऑगस्टमध्ये एडिंबरोला लग्न लागलं. नवरा तीस वर्षांचा. पहिलं मूल झालं ते १५०७ च्या फेब्रुवारीत, मुलगी सतरा वर्षांची असताना.