वूडलँड्स ड्राइव्ह-इन: झाडाखाली गाडी, गाडीला ट्रे

आधी ही झाडं बघून घ्या. ही सेम्मोळी पूंगा बाग नवीन आहे, 2010 ची, पण ही दांडगी खोडं बागेच्या कितीतरी आधीची. चेन्नईतल्या कॅथेड्रल रोडवरची ही जमीन अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीकडे होती, ही शेती-बागायतीची संस्था 1835 सालची, रॉबर्ट वाइट नावाचा वनस्पतीशास्त्रज्ञ तिच्या सुरुवातीच्या लोकांपैकी एक. 1962 साली याच सावलीत गाड्या येऊन उभ्या राहायला लागल्या. डोसा खायला, आणि तोही गाडीतून न उतरता.

वूडलँड्स ड्राइव्ह-इन. 46 वर्षं चाललं.

ज्यांनी ते काढलं ते के. कृष्ण राव, उडुपीकडच्या कडंदले गावचे. आपल्या माटुंग्याला ज्या किनाऱ्यावरून उडपी आले ना, त्याच किनाऱ्यावरून हा माणूस मद्रासला गेला. आधी माउंट रोडला हॉटेल, मग 1938 साली रायपेट्टाला वूडलँड्स नावाचा एक मोठा बंगला भाड्याने घेतला आणि ते नाव पुढे सगळ्या धंद्याला चिकटलं. 1952 ला न्यू वूडलँड्स, आणि दहा वर्षांनी हे ड्राइव्ह-इन.

कल्पना अमेरिकेची. तिकडे 1921 सालीच टेक्सासमधल्या डॅलसला पिग स्टँड नावाचं ड्राइव्ह-इन निघालं होतं. पण एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. कॅलिफोर्नियात मॅकडोनल्ड भावांचंही ड्राइव्ह-इन होतं, त्यांनी 1948 मध्ये गाडीपाशी खाणं नेऊन देणारी माणसंच काढून टाकली, कारण त्यांना स्पीड हवा होता, गिऱ्हाईक आलं, घेतलं, गेलं. आणि त्यानंतर 14 वर्षांनी मद्रासमध्ये तीच जुनी पद्धत सुरू झाली, आणि इथे लोकांनी तिचं काय केलं तर निवांत बसायची जागा केली!

आता हा ट्रे बघा. गाडीची काच पूर्ण खाली करायची नाही, थोडी वर ठेवायची, तिच्या कडेवर ट्रेचे आकडे अडकवायचे आणि खालचा आधार दाराला टेकवायचा, बास, झालं टेबल. त्यावर डोसा, सांबार, चटणी. समोर अँबेसिडर असेल, फियाट असेल, नाहीतर मद्रासलाच बनणारी स्टँडर्ड हेरल्ड. वेटर खिडकीशी येणार, ऑर्डर घेऊन जाणार, परत येऊन ट्रे लावणार, आणि मागच्या सीटवरच्या पोरांना घरच्या गाडीतच हॉटेल मिळायचं.

आणि कॉफी. ही दृश्यं एका उडपी हॉटेलच्या किचनमध्ये घेतलीत, कारण ही कॉफी पाहिल्याशिवाय ते बसणं कळणार नाही. फिल्टरचे दोन डबे, एकावर एक. वरच्याच्या तळाला बारीक भोकं, त्यात चिकोरी घातलेली पूड, हलकीशी दाबायची, उकळतं पाणी ओतायचं आणि थांबायचं. घाई केली, पूड ढवळली की डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा अर्क, पातळ उतरतं. थेंब थेंब खालच्या डब्यात जमतं, ते काळंभोर डिकॉक्शन पेल्यात थोडंसंच, वर कडकडीत दूध, मग साखर, आणि मग पेल्यातून पसरट वाटीत, वाटीतून पेल्यात, वरून खाली, फेस येईपर्यंत.

या एका कॉफीवर लोक तासन् तास बसायचे. गाडी नसलेल्यांसाठी आत टेबलं होती, आणि खरं म्हणजे ड्राइव्ह-इनचा जीव तिथेच होता. मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह दिवसभर डॉक्टरांकडे फिरून इथे येऊन रिपोर्ट लिहायचे, सेल्समनही तसेच, सिनेमावाल्यांच्या स्टोरीच्या चर्चा इथे व्हायच्या, पत्रकार, वकील, कॉलेजची मुलं, सगळे. ज्यांना ऑफिस नव्हतं त्यांचं ऑफिस हेच.

आजूबाजूचा एरियाही तसाच होता. हा जेमिनी फ्लायओव्हर, 1973 चा, खरं नाव अण्णा फ्लायओव्हर, पण जेमिनी म्हणतात कारण बाजूला सिनेमा निर्माते एस. एस. वासन यांचा जेमिनी स्टुडिओ होता. ही म्युझिक अकॅडमी, हिचा हॉल 1962 मध्येच सुरू झाला, म्हणजे ड्राइव्ह-इनच्याच वर्षी, डिसेंबरातल्या कर्नाटक संगीताच्या मैफली अजून इथे होतात. याच रस्त्यावर 1960 ला आलेलं स्टेला मॅरिस कॉलेज, आणि ज्याच्यावरून रस्त्याचं नाव पडलं ते 1815 चं सेंट जॉर्ज कॅथेड्रल, पांढरं शुभ्र. जवळच सफायर थिएटर होतं, 1964 चं, एकाच इमारतीत तीन पडदे, त्यातल्या ब्लू डायमंडला शो लागोपाठ चालायचे आणि एका तिकिटात हवं तेवढं बसता यायचं. स्टुडिओ गेला, 1994 ला सफायर बंद झालं. कमी पैशात निवांत बसता येईल अशा जागा या भागातून एकेक करून गेल्या, आणि याची नोंद कुठेतरी व्हायला हवी म्हणून हा व्हिडिओ.

जमिनीवरून बराच वाद झाला, 2008 मध्ये सरकारने ताबा घेतला, हॉटेल बंद झालं, वेटर, आचारी, रोज येणारे लोक सगळे पांगले.

24 नोव्हेंबर 2010 ला मुख्यमंत्री करुणानिधींनी इथे सेम्मोळी पूंगा या बागेचं उद्घाटन केलं. बाग सुंदर आहे, जुनी झाडं राखली हे फार चांगलं केलं. पण बागेला तिकीट आहे, वेळा आहेत, आणि एका कॉफीवर फाइल उघडून दुपार काढणाऱ्या माणसाला इथे जागा नाही.

हाच कॅथेड्रल रोड पुढे राधाकृष्णन सालई होतो. तिथे 1952 चं न्यू वूडलँड्स अजून चालू आहे, इथून चालत जाता येतं. चेन्नईला गेलात तर नक्की जा, कॉफी मागवा, आणि बिल आलं तरी लगेच उठू नका.