वाळूजची भट्टी

वाळूज एमआयडीसी, छत्रपती संभाजीनगर. रुळांवरची बोगी भट्टीत सरकतेय. तिच्यावरचा जॉब पाहा. दहा मीटर लांब, ५० मिलिमीटर जाड, उच्च ताकदीच्या पोलादाचं प्रेशर व्हेसल, म्हणजे आत दाब सोसणारं भांडं. फिटर-वेल्डरचं काम संपलंय, तरी भांडं अजून तयार नाही.

वेल्डिंगनं जॉइंट भरताना वितळलेला धातू गार होऊन आकसतो. भोवतालची प्लेट त्याला आकसू देत नाही. या ओढाताणीतला ताण जॉइंटमध्येच अडकून बसतो. पोलाद जितकं ताकदवान, तितका हा ताण मोठा असू शकतो. शिवाय जॉइंटलगतचा पट्टा झपाट्यानं गार होऊन कडक, ठिसूळ झालेला असतो. यावर इलाज एसआर, म्हणजे स्ट्रेस रिलीव्हिंग: अख्खं भांडं भट्टीत सावकाश तापवून, सावकाश गार करून ताण सोडवणं.

या तारा थर्मोकपलच्या, तापमान मोजणाऱ्या. प्रत्येकीचं टोक थेट भांड्याच्या अंगाला जोडलंय, कारण इथे भट्टीतल्या हवेचं नाही, पोलादाचं तापमान हवं. दोन्ही टोकं, मध्य, वर, खाली, कुठलीच जागा सुटत नाही. भांड्याखालच्या आधारांपैकी एक सॅडल पक्कं, दुसरं रोलरवर मोकळं. तापल्यावर हे भांडं साडेसात सेंटीमीटरच्या आसपास लांबतं. अडवलं, तर नवाच ताण.

बर्नर पेटले. ४२५ अंशांनंतर खरी कसोटी. या जाडीला तासाला १११ अंशांहून वेगानं चढायचं नाही, असं प्रेशर व्हेसलचा कोड, म्हणजे नियमावली, सांगते. चार्टवरच्या रेषांकडे डोळे लावून बसलेली ही पोरं गंगापूर, पैठणकडची. एक रेष पुढे पळाली की त्या बाजूचा बर्नर कमी, मागे पडली की वाढव. रात्रभर हेच. बर्नर मोठे केले तर डिझेल वाचतं, डिस्पॅच लवकर होतो. पोरं तो मोह आवरतात. मालकानं आणि सुपरवायझरनं त्यांच्या मागे उभं राहिलंच पाहिजे.

५७० अंश. साध्या कार्बन स्टीलला किमान ५९५ लागतात. हे मात्र क्वेंच आणि टेम्पर केलेलं, म्हणजे तापवून झटकन गार केलेलं आणि मग पुन्हा बेतानं तापवलेलं पोलाद, त्याला वरचीही हद्द आहे. पोलादाच्या मिलमध्ये ज्या तापमानाला टेम्पर झालं, त्याच्या वर गेलं की कमावलेली ताकद उतरते. २५ मिलिमीटर जाडीला एक तास, म्हणून इथे दोन तास सोकिंग, म्हणजे त्याच तापमानाला धरून ठेवणं. एवढ्या उष्णतेत पोलाद सैल पडतं आणि अडकलेला ताण सुटतो.

उतरतानाही घाई नाही. तासाला फार तर १४० अंश. ४२५ च्या खाली आलं की उघड्या हवेत.

घाईतला एसआर पुढे तडा बनून निघतो, आणि दाबाखाली भांडं फुटलं तर माणसं जातात.

मग तपासण्या: कडकपणाची हार्डनेस, आतले तडे शोधणारी अल्ट्रासॉनिक, पाणी भरून दाब देणारी हायड्रो टेस्ट. नेमप्लेटवर ‘एचटी’, म्हणजे हीट ट्रीटेड, ही अक्षरं ठोकली जातात. चार्टवर इन्स्पेक्टरची सही होते, तिथे ऑपरेटरचंही नाव हवं. पेंटर अंगावर ठळक लिहितोय, ‘एसआर झाले आहे, वेल्डिंग करू नये’. साइटवर शिडीची साधी क्लिप जोडायलाही इथे आता परवानगीशिवाय वेल्डिंगचा आर्क लावायचा नाही.