प्रोसेसर बदलायचा की बोर्डासकट सगळंच?

मंडळी, "कॉम्प्युटर जुना झालाय, नुसता प्रोसेसर बदलू की सगळंच नवीन घेऊ?" असं विचारणारा प्रत्येक जण आधी प्रोसेसरचं नाव सांगतो. मी त्याला मदरबोर्डचं नाव विचारतो. पुढे कुठला प्रोसेसर बसणार हे बोर्डावरचं सॉकेट (प्रोसेसर बसवायची जागा), चिपसेट (बोर्डावरची मुख्य चिप, तिच्यावरूनच बोर्डाची मालिका ओळखतात) आणि बायोस (बोर्ड सुरू करणारं त्यातलंच सॉफ्टवेअर) यांच्या हातात असतं.

पण त्याआधी एक गोष्ट तपासा. दोष खरंच प्रोसेसरचा आहे का? काम करताना विंडोजमधला टास्क मॅनेजर उघडा ठेवा, कुठला भाग किती भरलाय ते तो दाखवतो. विंडोज फिरत्या हार्डडिस्कवर असेल, तर आधी एसएसडी घाला. आठ जीबी रॅम भरून वाहत असेल, तर रॅम वाढवा. गेम खेळणाऱ्यांनी रिझोल्यूशन कमी करून बघावं. फ्रेम वाढल्या तर अडथळा ग्राफिक्स कार्डाचा, फारशा हलल्या नाहीत तर बहुधा प्रोसेसरचा.

आता २०१७ सालची दोन मशिनं घेऊ. पहिल्यात इंटेलचा सातव्या पिढीचा आय-सेव्हन ७७०० आहे, २०० मालिकेच्या बोर्डावर, एलजीए ११५१ सॉकेटमध्ये. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंटेलचे आठव्या पिढीचे कॉफी लेक प्रोसेसर आले. सॉकेटचा आकडा तोच, ११५१. पण इंटेलने ते फक्त ३०० मालिकेच्या बोर्डांसाठी ठेवले. म्हणजे या माणसाला पुढची पायरीच नाही. शिवाय विंडोज ११ला चालणाऱ्या प्रोसेसरच्या यादीत इंटेलचे प्रोसेसर मुख्यतः आठव्या पिढीपासून पुढचे आहेत, आणि विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. अशा मशिनच्या प्रोसेसरवर आता एक रुपयाही घालू नका.

दुसऱ्यात एएमडीचा रायझन ५ १६०० आहे, बी३५० बोर्डावर, एएम४ सॉकेटमध्ये. ही गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण असे कॉम्प्युटर अजून खूप घरांत आहेत. मे २०२०मध्ये एएमडीने जाहीर केलं, की पुढच्या पिढीचे, म्हणजे झेन ३ रचनेचे प्रोसेसर फक्त ५०० मालिकेच्या बोर्डांवर चालतील. कारण दिलं बायोसच्या चिपमधल्या अपुऱ्या जागेचं. ग्राहक भडकले, आणि त्याच महिन्यात कंपनीने बी४५० आणि एक्स४७० बोर्डांसाठी निर्णय फिरवला. २०२२मध्ये ३०० मालिकेलाही दार उघडलं. ग्राहकांनी आवाज उठवल्याने लाखो चांगले बोर्ड कामात राहिले, याचं मला आजही मोल वाटतं.

या बोर्डावर झेन ३मधलाच रायझन ५ ५६०० बसवला तर काय मिळतं? दोन्हींत सहा कोर (प्रत्यक्ष काम करणारे भाग) आणि बारा थ्रेड (एका वेळी हाताळता येणारी कामं), दोन्ही ६५ वॉटचे. मग फरक कशाचा? १६००मध्ये तीन-तीन कोरचे दोन गट आहेत आणि प्रत्येक गटाकडे आठ एमबी एल३ कॅश, म्हणजे प्रोसेसरमधलीच वेगवान मेमरी. एका गटाला दुसऱ्याकडचं काही हवं असेल तर वेळ जातो. ५६००मध्ये सहाही कोर ३२ एमबी कॅश एकत्र वापरतात, आणि प्रत्येक कोर स्वतःही बराच वेगवान आहे. रॅम, एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा), कॅबिनेट तेच राहतं आणि विंडोज ११ची प्रोसेसरची अटही पूर्ण होते. एवढं लक्षात ठेवा, की ५६००मध्ये अंगचं ग्राफिक्स नाही, वेगळं कार्ड लागतं.

यावर मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात हमखास ऐकू येतं, "एएम४ संपलं, त्यात पैसे कशाला?" मला हे अजिबात पटत नाही. एएम५ हे पुढचं सॉकेट २०२२मध्ये आलं, तिथे फक्त डीडीआर५ ही नव्या प्रकारची रॅम चालते. जुन्या डीडीआर४च्या पट्ट्या त्या स्लॉटमध्ये बसतच नाहीत. म्हणजे बोर्ड, रॅम, प्रोसेसर, तिन्हींचा खर्च. त्यात २०२५च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले. पुढे कधीतरी अपग्रेड करू म्हणून आज तिप्पट खर्च करणारे बरेच जण ते पुढचं अपग्रेड कधीच करत नाहीत.

तरी काही ठिकाणी मी स्वतः सगळं बदला म्हणेन. तुमच्याकडे आधीच ५६०० किंवा त्यावरचा प्रोसेसर आहे आणि व्हिडिओ एडिटिंगला तोही पुरत नाही. किंवा बी४५०सारख्या बोर्डावर पीसीआय एक्स्प्रेस (कार्ड आणि एसएसडी जोडायचा मार्ग) जुन्या ३.० आवृत्तीचा आहे आणि तुम्हाला वेगवान एसएसडी दोन-तीन लावायच्या आहेत. किंवा बोर्ड स्वस्तातला ए३२० आहे, वीज सांभाळणाऱ्या भागावर हीटसिंक (उष्णता शोषणारा धातूचा तुकडा) नाही, आणि तुम्हाला सोळा कोरचा प्रोसेसर त्यावर चढवायचाय. तिथे बोर्डाचा जीव घेऊ नका.

प्रोसेसरच बदलायचा ठरला, तर कामाचा क्रम पाळा. बायोस जुना प्रोसेसर जागेवर असतानाच अपडेट करा, नंतर नवा बसवा. काही बोर्डांना मधली आवृत्ती आधी टाकावी लागते, ती कंपनीच्या पानावर वाचून घ्या. अपडेट चालू असताना वीज गेली तर बोर्ड बंद पडू शकतो, म्हणून यूपीएस हवाच. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं साधन) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी कागदावर लिहून घ्या, कारण प्रोसेसर बदलला की विंडोज ती मागू शकतं. आणि एएम४चा कूलर सरळ वर ओढू नका. मशिन थोडा वेळ चालवून गरम करा, बंद करून प्लग काढा, मग कूलर हलकेच दोन्हीकडे फिरवत सोडवा. थर्मल पेस्ट घट्ट धरून बसलेली असेल तर कूलरबरोबर प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून येतो, आणि या प्रोसेसरच्या पिना त्याच्याच पोटाला असतात.