छोट्या टाकीतला वेगळा मासा आणि त्याचे सोबती

मित्रहो, आजचे बोलणे मी एका ठरावीक मापाच्या टाकीपुरतेच ठेवणार आहे. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशी काचेची टाकी सगळीकडे मिळते आणि फ्लॅटमधल्या खोलीतही तिला जागा निघते. तिच्यात काठोकाठ भरले तर सुमारे ५४ लिटर पाणी मावते; वाळू, दगड, लाकूड आणि वरची मोकळी जागा वजा केली की ४५ लिटरच्या आसपास उरते. टाकी साफ ठेवतो म्हणून काचेला चिकटून शेवाळ खाणारा दोन इंचांचा सकर मासा याच टाकीसाठी गळ्यात मारला जातो आणि तो पुढे फूटभराहून मोठा होतो. ज्यांना नेहमीपेक्षा वेगळे मासे पाळायचे आहेत त्यांनी दुकानात जाण्यापूर्वी दोन गोष्टी ठरवाव्यात, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे: आपल्या घरी येणारे पाणी कसे आहे आणि आपण रोज कोणते खाद्य देऊ शकतो. माशाचा रंग आणि आकार त्यानंतर पाहावा.

उदाहरण म्हणून स्कार्लेट बॅडिस हा मासा घेऊ. डारिओ डारिओ या शास्त्रीय नावाचा हा मासा आपल्याच देशातला, उत्तर बंगाल आणि आसामातल्या ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातल्या उथळ, वनस्पतींनी भरलेल्या ओढ्यांमधला आहे. निसर्ग-अभ्यासक फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये गंगेच्या खोऱ्यातल्या माशांवरील ग्रंथात त्याचे वर्णन केले. नर जेमतेम दोन सेंटिमीटरचा, गडद लाल आणि अंगावर निळसर उभे पट्टे असलेला. मादी त्याहून लहान आणि करडी. मादीला रंग नसल्यामुळे व्यापारात बहुतेक नरच येतात. नर मात्र आपापली हद्द राखतात आणि एकमेकांना सतत हुसकावतात. म्हणून मादी मिळत नसेल तर आपल्या या टाकीत एकच नर ठेवावा. दाट वनस्पती आणि लाकडाचे आडोसे असतील तर तो दिवसभर उघड्यावर फिरतो, एखाद्या पानापाशी थांबतो, डोळे फिरवून सावज न्याहाळतो, आणि हे पाहण्यात जो आनंद आहे तो मोठ्या टाकीतल्या मोठ्या माशांनीही मला क्वचितच दिला आहे.

अडचण खाण्याची आहे. हा मासा कोरड्या दाण्यांना सहसा तोंड लावत नाही. त्याला हलणारे सावज लागते: आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या चिमुकल्या जिवाची नुकती फुटलेली पिल्ले, डाफ्निया म्हणजे गोड्या पाण्यातले पिसवांएवढे जीव, बारीक अळ्या. दुकानात सहज मिळणारे ट्यूबिफेक्स, म्हणजे गाळातले बारीक लाल किडे, सतत दिले तर तो लठ्ठ होतो आणि आजारांना बळी पडतो. घरी आर्टेमियाची अंडी मिठाच्या पाण्यात फुटायला साधारण एक दिवस लागतो आणि ते काम नियमाने करावे लागते. ज्यांना ते जमणार नाही त्यांनी हा मासा घेऊ नये; तो टाकीत महिनाभर सुंदर दिसेल आणि उपाशी मरेल.

सोबती निवडताना हीच गोष्ट निर्णायक ठरते. बॅडिस संथ आणि भिडस्त आहे. झेब्रा डॅनिओ किंवा टायगर बार्ब असे चपळ मासे त्याच्याजवळ सोडले तर ते त्याला मारतील असे नाही, पण त्याने सावजाकडे नुसते पाहिले तोवर ते सगळे खाऊन मोकळे होतील. म्हणूनच इतक्या लिटरला इतके सेंटिमीटर मासा हा हिशेब मला अपुरा वाटतो. माझी पसंती बोर्नियोतल्या काळसर, मृदू (कमी क्षारांच्या) पाण्यातल्या चिली रासबोराला आहे. दोन सेंटिमीटरपर्यंतचा हा मासा थव्याने, टाकीच्या मधल्या आणि वरच्या थरात राहतो. दहा-बारा ठेवले की धीट होतो आणि बॅडिसच्या हद्दीत फारसा उतरत नाही. त्याचे तोंडही इतके लहान, की एकाच आकाराचे जिवंत खाद्य दोघांना चालते. शेवाळ खाणारे ओटोसिंक्लस मासे खाद्यासाठी कोणाशीच भांडत नाहीत. पण ते बहुधा निसर्गातून पकडलेले असतात, म्हणून काही महिने जुन्या, शेवाळ धरलेल्या टाकीतच आणावेत.

केरळच्या नद्यांमधला बटू पफर याच मापाच्या टाकीसाठी आवर्जून सुचवला जातो. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा आणि नायर यांनी १९४१ मध्ये त्याचे वर्णन केले. तो बुद्धिमान वाटतो, गोगलगायी फोडून खातो, आणि शेजाऱ्यांचे पर कुरतडतो. त्याला सोबती शोधू नयेत. पूर्ण टाकी त्याची असेल तरच आणावा. डेनिसन बार्ब या टाकीत ठेवावा का, याचे उत्तर तर सरळसरळ ‘नाही’ असेच आहे. ज्याच्या गटाला संशोधकांनी २०१३ मध्ये सह्याद्रिया हे नवे शास्त्रीय नाव दिले, तो हा केरळ आणि दक्षिण कर्नाटकातला मासा वाहत्या पाण्यात थव्याने पोहतो, वीतभराजवळ वाढतो आणि निसर्गात धोक्यात आला आहे. दोन फुटांच्या काचेत त्याला कोंडण्याचे समर्थन मला करता येत नाही. तीच गोष्ट रंग टोचलेल्या काचमाशांची. पारदर्शक अंगातून कणा दिसणारा तो मासा मुळातच विलक्षण आहे, आणि त्याच्या अंगात सुईने रंग भरणे ही क्रूरता आहे. असे मासे विकत घेऊ नका.

आता पाण्याकडे वळतो. मुंबईला भातसा, वैतरणा, तानसा अशा धरणांचे पाणी मिळते; ते मृदू असते आणि क्लोरीन काढून टाकले की बॅडिस आणि चिली रासबोरा ही जोडी त्यात चांगली राहते. दख्खनच्या काळ्या खडकातले बोअरवेलचे पाणी बहुधा जड (जास्त क्षारांचे) असते, आणि विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात टाकीचे पाणी ३० अंशांच्या वर जाते. बॅडिसला २६ अंशांपर्यंतच बरे वाटते. कोरड्या हवेत उघड्या पाण्यावर छोटा पंखा लावला तर बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात, दमट मुंबईत त्याहून कमी. तेवढ्याने भागत नसेल तर मासाच वेगळा निवडावा. व्हेनेझुएलातला एंडलर हा गप्पीचा चिमुकला भाऊबंद उष्ण आणि जड पाण्यात खुशाल राहतो. त्याच्यासोबत दक्षिण भारताच्या सखल भागातला स्पाइकटेल पॅराडाइज फिश ठेवता येतो. तो पृष्ठभागावर येऊन हवेतून श्वास घेतो, त्यामुळे गरम पाण्यात प्राणवायू घटला तरी तग धरतो, आणि एंडलरची काही पिल्ले खाऊन त्यांची बेसुमार वाढही आवरतो.

मासे सोडण्याचा क्रमही महत्त्वाचा आहे. माशांच्या घाणीतून होणाऱ्या विषारी अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरमध्ये स्थिरावायला चार ते सहा आठवडे लागतात. थोड्या पाण्यात विष लवकर साचते, म्हणून छोट्या टाकीत त्याआधी मासे सोडण्याची घाई अधिक महाग पडते. त्यानंतर भिडस्त बॅडिस आधी आणावा. खाद्य कुठे मिळते हे त्याला दोन आठवड्यांत कळते, आणि मग रासबोरांचा थवा सोडावा. सुरुवातीचे काही दिवस आर्टेमिया ड्रॉपरने थेट बॅडिसच्या आडोशापुढे सोडावा, आणि दुकानात मासा निवडतानाही आपल्या डोळ्यांदेखत तो खातो आहे याची खात्री करूनच पिशवी बांधून घ्यावी.