युद्ध जिंकता येईल का, हे लोकांना विचारताना

नमस्कार. पत्रिकेवर आजचा विषय छापलाय, ‘परदेशातलं युद्ध जिंकता येईल का: लोकांना काय वाटतं आणि का वाटतं’. यातल्या ‘का वाटतं’कडे मी शेवटी येणार आहे. पुण्यातल्या व्याख्यानांचा शिरस्ता बघता तिथे पोचेपर्यंत घंटा वाजायला आलेली असेल, हेही आत्ताच सांगून टाकतो. कारण त्याआधी एक तक्रार मांडायची आहे. मतचाचणी छापून आली की आपण आकड्यांवर भांडतो. प्रश्न काय विचारला होता, तो मात्र कुणी वाचत नाही. बातमीत तो बहुतेक वेळा नसतोच.

या क्षेत्रातला सगळ्यात गाजलेला प्रश्न घेऊ. व्हिएतनाम युद्धाच्या काळात गॅलप ही संस्था अमेरिकनांना विचारत असे, ‘व्हिएतनामच्या लढाईत आपण उतरल्यापासून जे घडलं ते पाहता, तिथे सैन्य पाठवण्यात अमेरिकेची चूक झाली असं तुम्हाला वाटतं का?’ ऑगस्ट १९६५ मध्ये २४ टक्के लोक ‘हो, चूक झाली’ म्हणाले. फेब्रुवारी १९६८ मध्ये, म्हणजे टेटच्या हल्ल्यानंतर, कम्युनिस्टांनी दक्षिण व्हिएतनामभर एकदम चढवलेल्या त्या मोठ्या हल्ल्यानंतर लगेच, ४६ टक्के. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ५३ आणि मे १९७१ मध्ये ६१ टक्के. सहा वर्षं प्रश्नाचा शब्दही हलवला नाही, म्हणून या आकड्यांना किंमत आहे. दर वेळी प्रश्न थोडा ‘सुधारून’ विचारला असता, तर लोक बदलले की प्रश्न बदलला हे कळायला मार्ग उरला नसता.

पण या प्रश्नात काय नाही, तेही बघा. युद्ध जिंकता येईल का, हे त्यात नाही. सैन्य परत आणावं का, हेही नाही. ‘चूक झाली’ म्हणणाऱ्याला नेमकं काय हवंय, याचा पत्ता त्यातून लागत नाही. एक म्हणतो, जायलाच नको होतं, आता मुलांना परत आणा. दुसरा म्हणतो, गेलात तर नीट लढा, हे हात बांधून लढणं ही चूक. दोघांची खूण एकाच चौकटीत.

याचं माझं आवडतं उदाहरण आहे न्यू हॅम्पशायरचं, आणि ते सांगितल्याशिवाय मी खाली बसणार नाही. १२ मार्च १९६८. अमेरिकेच्या या राज्यात डेमोक्रॅटिक पक्षाची प्राथमिक निवडणूक, म्हणजे अध्यक्षपदासाठी पक्षाचा उमेदवार कोण हे ठरवणारी. एका बाजूला अध्यक्ष लिंडन जॉन्सन, ज्यांचं नाव मतपत्रिकेवर छापलेलंही नव्हतं, मतदारांनी ते हाताने लिहायचं होतं. दुसऱ्या बाजूला युद्धविरोधी सिनेटर युजीन मॅकार्थी. जॉन्सनना साधारण ४९ टक्के मतं पडली, मॅकार्थींना ४२. विद्यमान अध्यक्ष जिंकूनही हरल्यासारखे झाले. ३१ मार्चला त्यांनी पुन्हा उभं राहणार नसल्याचं जाहीर केलं. सगळ्यांनी अर्थ लावला, की शांतता हवी असलेल्या जनतेने कौल दिला. नंतर मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी मॅकार्थींच्या मतदारांची मतं तपासली. त्यांच्यातले बहुतेक जण जॉन्सनवर नाराज होते, हे खरंच. पण जॉन्सन युद्ध पुरेशा जोराने लढत नाहीत म्हणून नाराज असलेले आणि माघार हवी म्हणून नाराज असलेले, यांचं प्रमाण होतं तीनास दोन. शांततेच्या उमेदवाराला पडलेली ही मतं, आणि त्यांत जास्त भरणा आणखी बॉम्ब टाका म्हणणाऱ्यांचा! आपल्याकडे निकालाच्या रात्री वाहिन्यांवर ‘जनतेने असा संदेश दिला आहे’ सुरू झालं, की मला न्यू हॅम्पशायर आठवतं.

तेव्हा ‘जायला हवं होतं का’, ‘जिंकता येईल का’ आणि ‘आता काय करावं’ हे तीन प्रश्न तीन वेळा, वेगवेगळे विचारावे लागतात. उत्तरं एकमेकांशी बांधलेली नसतात. जानेवारी २००७ मध्ये बुश यांनी इराकमध्ये वीस हजारांहून अधिक जादा सैन्य पाठवायचं जाहीर केलं. वर्षभराने तिथला हिंसाचार उतरला, युद्ध बरं चाललंय म्हणणारे वाढले, पण मुळात जाणं चूक होतं म्हणणारे बहुमतातच राहिले. अफगाणिस्तानचं बघा. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस प्यू संस्थेच्या चाचणीत ६९ टक्के अमेरिकन म्हणाले, तिथली उद्दिष्टं गाठण्यात आपण बहुतांशी अपयशी ठरलो. आणि ५४ टक्के म्हणाले, सैन्य काढून घ्यायचा निर्णय बरोबर होता. यात विसंगती काही नाही. एकच प्रश्न विचारून मोकळा होणारा मात्र यातलं निम्मं गमावतो.

आता खरी तक्रार. ‘सांगता येत नाही’ या उत्तराची आपण जी हेळसांड करतो, ती.

परदेशातलं युद्ध म्हणजे काय? हजारो मैलांवरची लढाई. साधारण माणसाला तिथल्या नद्या, गावं, टोळ्या ठाऊक नसतात, आणि असायचं कारणही नाही. त्याला संध्याकाळी फोन येतो, ‘हे युद्ध जिंकता येईल असं वाटतं का?’ प्रामाणिक उत्तर आहे, सांगता येत नाही. फोनवर विचारणारा हा पर्याय सहसा वाचून दाखवत नाही. उत्तर देणाऱ्याने आपणहून म्हटलं, तरच खूण करायची. त्यातून विचारणाऱ्याला कित्येकदा पैसे मिळतात पूर्ण भरलेल्या फॉर्ममागे, म्हणून तो पुढे ढकलतो, ‘तरी पण, कल कुठे आहे?’ माणूस भिडेखातर काहीतरी सांगतो. हाच प्रश्न गाळणी लावून विचारा: ‘याबद्दल तुमचं काही मत झालंय, की अजून तसा विचार केलेला नाही?’ साधारण पाचवा हिस्सा माणसं ‘विचार केलेला नाही’मध्ये जाऊन बसतात. पुण्यात हा पर्याय वाया जाईल, हे मान्य. इथे ‘मला माहीत नाही’ म्हणणारा माणूस मिळाला तर त्याचा नागरी सत्कार करावा लागेल. पण बाकीचं जग तसं नाही.

पुढची लबाडी कागदावर होते. समजा हजार जणांना विचारलं. ३८० म्हणाले जिंकता येईल, ३४० म्हणाले नाही, २८० म्हणाले सांगता येत नाही. छापताना २८० वगळले. आता ७२० पैकी ३८०, म्हणजे जवळपास ५३ टक्के. मथळा तयार: ‘बहुमताला विजयाची खात्री’. प्रत्यक्षात हजारांत ६२० जणांना ती खात्री नाही. शिवाय नमुना हजाराचा ७२० झाला, तर चुकीची मर्यादा, म्हणजे नमुन्यातला आकडा खऱ्या आकड्यापासून किती ढळू शकतो ती, तीन टक्क्यांवरून पावणेचारवर जाते. म्हणजे ५३ मधलं बहुमत ४९ ही असू शकतं. चुकीची मर्यादा निम्मी करायची तर नमुना चौपट लागतो, म्हणून ती कुणी करत नाही, तळटीप तेवढी बारीक होते. आणि गेल्या महिन्यात ५३ होते, आता ५० झाले, ‘पाठिंबा घसरला’ असं जे छापतात ना, तिथे दोन्ही चाचण्यांची चूक धरावी लागते. हजार-हजारांच्या दोन चाचण्यांमध्ये सव्वाचार-साडेचार टक्क्यांच्या आतला फरक निव्वळ योगायोगाचा असू शकतो. ज्या गावात अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांनी घराघरांतून माहिती गोळा करायची शिस्त घालून दिली, तिथे हे सांगावं लागतं, याचं वाईट वाटतं.

क्रमाचाही विचार करा. १९४८ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग झाला. ‘कम्युनिस्ट देशांच्या वार्ताहरांना अमेरिकेत येऊन हव्या त्या बातम्या पाठवू द्याव्यात का?’ हा प्रश्न आधी विचारला तर ३६ टक्के ‘हो’. त्याच्याआधी ‘अमेरिकन वार्ताहरांना रशियात तशी मुभा असावी का?’ हे विचारलं, तर ७३ टक्के ‘हो’. न्यायाची गोष्ट एकदा डोक्यात आली, की माणूस स्वतःच्याच उत्तराला बांधला जातो. आता युद्धाच्या प्रश्नावलीत आधी ‘किती जवान पडले माहीत आहे का’ विचारलं आणि मग ‘जिंकता येईल का’ विचारलं, किंवा आधी ‘जवानांचा अभिमान वाटतो का’ विचारलं, तर शेवटचं उत्तर एकच येईल का? म्हणून चांगली संस्था नमुन्याचे दोन भाग करते, अर्ध्यांना एक क्रम, अर्ध्यांना उलटा.

आणि जिथे खरं बोलायची भीती आहे, तिथे काय करायचं? रशियात २०२२ मध्ये यादीची पद्धत वापरली गेली. ती समजून घ्या, फार सुंदर आहे. लोकांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट करायचे. पहिल्या गटाला युद्धाशी संबंध नसलेल्या तीन गोष्टींची यादी द्यायची आणि विचारायचं, यातल्या किती गोष्टींना तुमचा पाठिंबा आहे? कोणत्या, ते सांगायचं नाही, फक्त आकडा. दुसऱ्या गटाला त्याच तीन, आणि चौथी ‘युक्रेनमधली लष्करी कारवाई’. समजा पहिल्या गटाची सरासरी दीड आली आणि दुसऱ्याची दोन, तर फरक अर्धा, म्हणजे पाठिंबा ५० टक्के. कुणा एकाचं मत कुणालाच कळलं नाही. गोम अशी, की चौथीसकट सगळ्याच गोष्टी आवडणाऱ्याने ‘चार’ म्हटलं, की तो उघडा पडतो. म्हणून तीन गोष्टी अशा निवडायच्या, की एक बहुतेकांना नावडती असावी आणि उरलेल्या दोन सहसा एकाच माणसाला पटू नयेत. दुसरी अडचण खर्चाची. तेवढीच अचूकता हवी तर नमुना कैक पटींनी मोठा लागतो. एप्रिल २०२२ च्या अशा एका अभ्यासात थेट विचारल्यावर ६८ टक्के पाठिंबा दिसला, यादीतून ५३. मधले पंधरा टक्के लोक प्रश्नावली संपल्यावर घरात काय बोलत असतील, याची कल्पना करा.

सभेच्या अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे. दहा मिनिटं. म्हणजे आजचा विषय आता सुरू.

लोकांचा पाठिंबा कशाने घटतो? पहिलं उत्तर राज्यशास्त्रज्ञ जॉन म्युलर यांचं, १९७० च्या दशकातलं: मृतांच्या आकड्याने. कोरिया आणि व्हिएतनाम दोन्हींत त्यांना दिसलं, की हताहतांची संख्या दहापट झाली की पाठिंबा साधारण पंधरा टक्क्यांनी उतरतो. म्हणजे शंभराचे हजार होताना जेवढा उतरतो, तेवढाच हजाराचे दहा हजार होताना. पहिले बळी सगळ्यात जास्त बोचतात.

दुसरं उत्तर ड्यूक विद्यापीठातल्या गेल्पी, फीव्हर आणि रायफ्लर यांचं, इराकच्या वेळचं. ते म्हणाले, मृत्यू लोक सोसतात, शेवटी यश येईल असं वाटलं तर. युद्ध योग्य होतं आणि जिंकणार, ही दोन्ही मतं असलेला सगळ्यात जास्त सोसतो. विजयाची आशा गेली की सोसणं संपतं. गंमत पुढे आहे. यातले फीव्हर जून २००५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा परिषदेत गेले. ३० नोव्हेंबरला बुश यांनी ॲनापोलिसच्या नौदल अकादमीत भाषण केलं, पाठीमागे फलक ‘विजयाची योजना’, भाषणात ‘विजय’ पंधरा वेळा. त्याच दिवशी इराकमधल्या विजयाच्या धोरणाचा पस्तीस पानी दस्तऐवज प्रसिद्ध झाला. त्या फाइलच्या गुणधर्मांत लेखकाचं नाव निघालं, ‘फीव्हर-पी’. सिद्धान्त मांडणाराच भाषणाच्या मागे! त्यानंतरही इराकवरचा पाठिंबा सावरला नाही.

का सावरला नाही, याचं तिसरं उत्तर ॲडम बेरिन्स्की हे राज्यशास्त्रज्ञ देतात, आणि माझा कौल त्यांच्याकडे आहे. किती सैनिक मेले हे बहुतेकांना नीट माहीतच नसतं. खरा आकडा सांगितला तरी मत फारसं हलत नाही. माणूस बघतो, आपला पक्ष, आपले नेते काय म्हणतात. नेते एकमुखी असतील तर लोकही, त्यांच्यात फूट पडली की लोकांतही, आणि ती पक्षाच्या रेषेवरच. म्हणजे ‘जिंकता येईल का’ या प्रश्नाला लोक युद्धाबद्दल उत्तर देतच नाहीत. सांगणाऱ्यावर विश्वास आहे का, याचं ते उत्तर असतं. विश्वास नसलेल्या तोंडून ‘विजय’ पंधरा वेळा ऐकून तो वाढत नाही.

युक्रेनचं कुणीतरी विचारेलच, म्हणून आधीच सांगतो. तिथे २०२२ मध्ये गॅलपला ७३ टक्के ‘विजयापर्यंत लढा’ म्हणाले होते, २०२५ मध्ये २४, आणि ६९ टक्के लवकरात लवकर वाटाघाटी म्हणाले. पण ते युद्ध त्यांच्या घरात चाललंय. अमेरिकनांना व्हिएतनामबद्दल विचारलेल्या प्रश्नाशेजारी ते आकडे ठेवू नका. रशियाच्या ताब्यातल्या भागांत आणि देश सोडून गेलेल्या लाखोंपर्यंत अशा चाचण्या पोचत नाहीत, हेही ध्यानात ठेवा.

आणि आपलं? भारताचं परदेशातलं युद्ध म्हणजे श्रीलंका. २९ जुलै १९८७ चा करार, ऑक्टोबरमध्ये आपल्या शांतिसेनेची तमिळ वाघांशी जाफन्यातली लढाई, शेवटची तुकडी परत आली मार्च १९९० मध्ये. सुमारे बाराशे जवान कामी आले. त्यांत ८ महार या बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन, २५ नोव्हेंबर १९८७ ला पडले, मरणोत्तर परमवीर चक्र. फौजा मद्रासला उतरल्या तेव्हा मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला गेले नाहीत. आज सगळेच म्हणतात, त्या मोहिमेला लोकांचा पाठिंबा नव्हता. कोणत्या महिन्यापासून नव्हता? जवान पडू लागले म्हणून गेला, जाफना हाती येऊनही वाघांचा म्होरक्या प्रभाकरन सापडेना म्हणून गेला, की दिल्लीतल्या विरोधकांनी आणि मद्रासमधल्या द्रमुकने सूर बदलला म्हणून गेला? या तीन कारणांतलं एक निवडायचं, तर ऑक्टोबर १९८७ पासून दर महिन्याला हजार माणसांना, त्याच शब्दांत, तेच तीन प्रश्न विचारलेले हवे होते. गॅलपसारखी तशी मालिका आपल्याकडे झाली नाही. त्यामुळे त्यावर तुम्ही जे म्हणाल, ते मला खोडता येणार नाही, आणि मी जे म्हणेन ते तुम्हाला. पाच मिनिटं प्रश्नांसाठी आहेत म्हणताहेत. विचारा.